बुगनायचा थांबा

३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची! बागिओहून डोंगर उतरताना शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली आणि माझ्या बाहीवर लाळ गाळत राहिली. तेवढं सोडलं तर प्रवास झकास झाला. दाराकानचं केबल स्टेशन अगदी समुद्राला लागून आहे. बाहेरून पांढरं, आतून थंडगार, फरशीवर एक केस सापडायचा नाही. अशा जागी मला आपोआप बरं वाटतं. नानांग म्हणते, तुला माणसांपेक्षा फिनेल जास्त आवडतं. आईच ती, म्हणू दे.

इथे आम्ही तिघंच. मानोंग सेलो हे जुने इंजिनियर. वयाने मोठे म्हणून गावभर सगळे त्यांना मानोंग म्हणतात, आता मीही. ते निवृत्त होतायत आणि त्यांची जागा मी घेणार. दुसरा दिन्दो, तंत्रज्ञ, तिशीचा आणि तोंडाळ. मी दारात पाय ठेवताच म्हणाला, या मॅम, पण चपला बाहेर, आमच्या यंत्रांना सर्दी लगेच होते. मी पिशवीतून आत घालायच्या वेगळ्या सपाता काढल्या तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

जेवायला पिनाकबेतची भाजी आणि तळलेला मासा होता. मानोंग सेलोंनी प्रत्येक काटा तोंडात चोखून चोखून टेबलाच्या कडेला ओळीने मांडला. मी खिडकीतून समुद्र बघत जेवले.

संध्याकाळी निंगशी बोलले. तिला स्टेशनचा फोटो दाखवला तर म्हणाली, आई, तू फ्रीजमध्ये राहायला गेलीस का? सहा वर्षांची आहे, पण जीभ आजीची. तिचा बाप जहाजावर गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून निंग आजीकडे आणि मी नोकरीच्या गावी, असंच चाललंय. ईस्टरपर्यंत माझं काम पसंत पडलं तर मला कायम करतील, स्टेशनमागचं दोन खोल्यांचं घर देतील, आणि जूनमध्ये निंग इथल्या शाळेत. या खेपेला मला हे जमवायचंच आहे. बाकी काही मागणं नाही.

५ फेब्रुवारी

काम समजलं. आमचं जाळं खासगी आहे आणि सामाईक आहे. उत्तरेकडची दोन इस्पितळं, सहकारी बँक, शेतकी कॉलेज आणि फुनेरारियावाले, म्हणजे गावोगाव शाखा असलेले अंत्यविधीवाले, अशा सगळ्यांनी मिळून टाकलेलं. इथे त्याला सगळे कणा म्हणतात. तार एकच, तिच्यातून सगळ्यांचा माल, म्हणजे डेटा, धावतो. प्रत्येकाच्या मालाला आपली आपली चिठ्ठी असते, म्हणून इस्पितळाचे फोटो बँकेत जात नाहीत. चिठ्ठी वाचायची आणि जवळची वाट दाखवायची, हे आमचं काम. कर्मचाऱ्यांच्या घरीही याच कण्यातून जोडणी मिळते. बागिओला नानांगच्या घरी मी लगेच लावून घेतली.

खरं सांगायचं तर एका पेल्याला पाच जणांनी तोंड लावण्याचाच हा प्रकार. म्हणून स्वच्छता. फायबरच्या टोकावर बोटाचा जरासा तेलकटपणा लागला तरी उजेड अडतो. ते टोक छोट्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायचं, अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचं, पुन्हा बघायचं, मग टोपण लावायचं. माझ्या हातचं टोक आरशासारखं असतं, हे मी स्वतःच लिहून ठेवते, दुसरं कोण लिहिणार.

मानोंग सेलो काय करतात? टोक तोंडाजवळ धरतात आणि फू! ओली फुंकर. थुंकीचे बारीक थेंब मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. गरम सूपवरही तीच फू, चष्म्यावरही तीच फू. मी न राहवून बोलले तर हसले. म्हणाले, पोरी, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी फुंकतोय, एकही तार मेली नाही. दिन्दो मागून म्हणाला की मॅम, त्या फुंकरीत जिन असते, जंतू आधीच झिंगून पडतात. मला ओकारी यायची बाकी राहिली होती.

माणूस मात्र वाईट नाही. निंगचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. फोटोवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उठला. मी तो नंतर पुसला.

९ फेब्रुवारी

आज एक अजब गोष्ट हाती लागली. फुनेरारियावाल्यांचा माल आपल्याकडे येतो, इथून तो सरळ पुढे जायला हवा. तो जात नाही. आधी बुगनाय नावाच्या खेड्यात जातो, तिथे आमच्या यंत्रांच्या एका कपाटात शिरतो, काहीही न होता उलटा फिरून पुन्हा इथेच येतो आणि मग पुढे जातो. शुद्ध द्राविडी प्राणायाम! आणि तोही कुठल्या मालाला? लामायच्या, म्हणजे मयताच्या जागरणाच्या, थेट प्रक्षेपणाला. शवपेटी फुलांत ठेवलेली, नातेवाईक कॉफी पीत पत्ते खेळत रात्र जागवतायत, आणि दुबई-हाँगकाँगला नोकरी करणारी पोरं ते फोनवर बघत रडतायत. बुगनायची तार जुनी, अरुंद. चित्र अडकत अडकत जातं. पाद्रीबाबा तोंड उघडं टाकून गोठतात.

मानोंग सेलोंना विचारलं तर म्हणाले, बुगनायला हात लावू नको. का, म्हटलं. म्हणाले, लांबून आलेलं असतं, वाटेत जरा बसू दे. म्हातारी माणसं अशी कोड्यात का बोलतात देव जाणे.

दुपारी त्यांच्याबरोबर बुगनायला गेले. पुरिंग नावाच्या विधवा बाईचं, सगळ्यांच्या मानांगचं म्हणजे ताईचं, किराणा दुकान, त्यामागच्या खोलीत आमचं कपाट. मानांगने दारातच माझा हात हातात घेतला, ये गं बाई, किती वाळलीस, असं म्हणाली, जशी काही मी तिला आधी भेटले होते. आतलं दृश्य लिहितानाही अंगावर काटा येतो. कपाटाच्या डोक्यावर कॉफीचे कप आणि बिस्किटं. कॉफीवर हिरवी लव असलेली बुरशी, कपात मुंग्या, बिस्किटाला ओल सुटलेली, आणि एका कपाच्या कडेला ओठाचा ओशट ठसा. यंत्रावर! मी नाकाला रुमाल लावून सगळं उचललं आणि मागच्या गटारात ओतलं. मानांगने मानोंग सेलोंकडे बघितलं. ते म्हणाले, नवी आहे, शिकेल.

परत येताना गाडीत मी तीनदा हात धुतल्यासारखे पुसले. वास गेला नाही.

१३ फेब्रुवारी

मानोंग सेलोंना परवा धाप लागली आणि त्यांच्या बहिणीने त्यांना इस्पितळात हलवलं. निरोपाचा केक फ्रीजमध्ये तसाच राहिला. जाताना गाडीच्या खिडकीतून मला म्हणाले, बुगनाय, लक्षात आहे ना? मी मान हलवली.

काल मुख्य ऑफिसकडून फुनेरारियावाल्यांची तक्रार आली. एका बड्या घरचं लामाय होतं, कॅनडातल्या मुलाला आईचा चेहरा धड दिसला नाही, सगळे चौकोन चौकोन. साहेबांनी फोनवर मला गोड आवाजात विचारलं की नव्या माणसाकडून आम्ही काही नव्याची अपेक्षा ठेवावी का. याचा अर्थ न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही. ईस्टर जवळ आलंय.

आज बुगनाय काढून टाकलं. नियम एकच ठेवला: कुणाचाही माल असो, जवळच्या वाटेने सरळ. करायला काही मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लगेच सगळं चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. दिन्दोने टाळ्या वाजवल्या, मग म्हणाला, म्हातारा मात्र तुम्हाला शाप देणार. कपाट उचलून आणलं, धुऊन पुसून मागच्या खोलीत ठेवलं. बुगनायची भाड्याची तार सोडून देतो असं टेलिफोनच्या तारवाल्यांना कळवलं तर ते लगोलग खांबावरून तांबं उतरवायला हजर. एरवी बोलावून येत नाहीत.

निंगचा चेहरा आज किती स्वच्छ दिसला! पुढच्या पडलेल्या दाताची खाचसुद्धा. मी म्हटलं, आईने वाट सरळ केली. ती म्हणाली, मग तू पण सरळ ये ना.

१७ फेब्रुवारी

साहेबांचं अभिनंदनाचं पत्र आलं. घराची किल्ली बघून घ्या, असंही त्यात आहे! खिडक्यांना पिवळे पडदे लावणार.

एक कटकट. फुनेरारियाकडून येणाऱ्या फायबरच्या टोकावर तेल सापडलं. दुर्बिणीत बघितलं तर मधोमध पिवळट ओघळ. मी पुसलं, टोपण लावलं. दुपारी उघडलं तर पुन्हा तेच. दिन्दो बाग्नेत, म्हणजे तळलेलं डुक्कर, खाऊन हात न धुता आला असणार, असं मी सुनावलं. तो शपथा घ्यायला लागला, मॅम, डुकराची शप्पथ, मी आज भातच खाल्लाय. फडकं हुंगून बघितलं आणि पस्तावले. विझलेल्या मेणबत्तीचा वास, त्यात कोमेजल्या फुलांचा गोडसर, आणि खाली आणखी काहीतरी, बंद खोलीत माणसं फार वेळ बसली की येतो तसा.

२० फेब्रुवारी

किळस आली आहे. आता फक्त एकच टोक नाही. इस्पितळाचं, बँकेचं, कॉलेजचं, सगळी. नवं कोरं, कारखान्यातून मोहोरबंद आलेलं टोक उघडलं, आत बोटांचे ठसे. दुर्बिणीखाली स्पष्ट रेषा दिसतात, एकावर एक, खूप जणांच्या. रेषांमध्ये कातडीचे सुटलेले पापुद्रे. एवढ्याशा टोकावर, केसाएवढ्या जागेत, इतक्या माणसांनी बोट कसं लावलं?

दिवसभर पुसतेय. फडकी आधी पिवळी निघायची, आता तपकिरी. एसीमधून ठिबकणारं पाणी तारेसारखं लांबतं आणि तुटत नाही. मी त्याला चुकून हात लावला. कोमट होतं.

संध्याकाळी निंग म्हणाली, आई, आपला टीव्ही तेलकट का झालाय? आपोंग आजी सतत पुसते.

२२ फेब्रुवारी

मानोंग सेलो परवा गेले. आज लामायला गेलो, फुनेरारियाच्या गावातल्या शाखेत. त्यांना निळा बारोंग सदरा घातला होता आणि गालांना रंग. ओठ टाके घालून मिटवलेले दिसत होते. फुंकर घालायला गोल केलेले असतात तसे. मी लगेच नजर वळवली. त्यांच्या बहिणीने बळेच पानसितच्या शेवया खायला लावल्या. डोक्यावर कॅमेरा होता, लाल दिवा लागलेला. माझ्याच कण्यातून हे सगळं चाललंय या विचाराने मला थोडा अभिमानही वाटला, खोटं का बोला.

निघताना घरच्या कुणी आम्हाला दारापर्यंत पोहोचवलं नाही. रीतच ती. मयताच्या दारातून पाहुण्याला निरोप देत नाहीत. आणि पाहुण्यानेही सरळ घरी जायचं नसतं. म्हणून दिन्दोने गाडी हमरस्त्यावरच्या डोनटच्या दुकानापुढे लावली. लहानपणापासून हेच करतेय, त्यात विचार करण्यासारखं कधी काही वाटलं नाही. दिन्दो साखर चाटत म्हणाला, साधं गणित आहे मॅम, पाठीमागे जो लागला असेल त्याला इथे बसवायचा, कॉफी पाजायची, आणि त्याचं लक्ष नाही असं बघून आपण सटकायचं, मग त्याला घराची वाट सापडत नाही.

माझ्या हातातला डोनट हातातच राहिला.

वाटेत जरा बसू दे. लांबून आलेलं असतं. कपाटावर कॉफी. बिस्किटं. मी ती गटारात ओतली. मी, जी आजन्म कुठल्याही लामायहून सरळ घरी गेले नाही, तिने रोजच्या रोज शेकडो घरांत—

नाही. काचेच्या तारेतून उजेड जातो. दुसरं काही जात नाही. मी शिकलेली बाई आहे.

स्टेशनवर परतले तर नानांगचा निरोप. तुझ्या मानोंगचं लामाय आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिलं, निंगने देवबाप्पाला प्रार्थना केली, चित्र इतकं स्पष्ट की जणू ते आमच्याच बैठकीत झोपलेत.

२३ फेब्रुवारी

निंग जेवत नाही. म्हणते भातात केस आहे. नानांग ओरडते, कुठाय केस, दाखव. निंग बोटाने ओढून दाखवते, नानांगला दिसत नाही. मला फोनवर दिसला. पांढरा, लांब, ओला.

म्हणते, आजोबा घासावर फुंकतात.

कुठले आजोबा, मी विचारलं. निंगने ओठ गोल केले आणि केलं, फू. पडदा ओल्या ठिपक्यांनी भरला. माझ्या बाजूने. मी पुसला. ठिपके माझ्या बाजूला होते.

बागिओच्या घराची जोडणी तोडली. हाताने तार उपटली. टोकातून जे ओघळलं ते लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी

बुगनायला गेले. मानांग पुरिंगने पुन्हा हात धरला. या वेळी मी सोडवून घेतला नाही. तिने सगळं सांगितलं, भाजी निवडता निवडता. महामारीत लोकांना लामायला जाता येईना तेव्हा हे फोनवर बघणं सुरू झालं. तेव्हा माल सरळच जायचा. ज्या घरांत बघितलं तिथली लहान पोरं जेवेनाशी झाली. मोठ्या माणसांना फक्त वास यायचा आणि तेलकट लागायचं, पोरं मात्र वाळत गेली. सेलोच्या घरी नात होती, चार वर्षांची. ती गेली. त्यानंतर त्याने हे कपाट माझ्याकडे आणून ठेवलं, मानांग म्हणाली. मी म्हटलं, आण बाबा, माझ्याकडे लहान कुणी नाही. येतात, बसतात, कॉफी पितात, जातात आपापल्या वाटेने. मला एकटीला तेवढीच सोबत.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू धुऊन टाकलंस ना गं सगळं. फार स्वच्छ आहेस तू.

मी तिच्या अंगणात भडाभडा ओकले. ओकारीतही तेल होतं.

खांब रिकामे आहेत. तारवाल्यांनी तांबं विकून टाकलं. दुसरा थांबा करायचा तर कुठे? इस्पितळात? कॉलेजात? कण्यावर जिथे म्हणून कपाट आहे तिथे माणसं आहेत, पोरं आहेत. फुनेरारियावाल्यांचा मालच बंद केला. साहेब किंचाळले. कायम होणं, घर, पिवळे पडदे, सगळं गेलं असेल. जाऊ दे. पण जे पोहोचलंय ते पोहोचलंय.

२५ फेब्रुवारी

दिन्दो पळाला. मावशीकडे जातो म्हणाला. जाताना हातही मिळवला नाही, नुसतं म्हणाला, मॅम, तुमच्याही केसांना वास येतोय.

एका टोकातून केस लोंबत होता. ओढला. येत राहिला— हाताला गुंडाळत गेले— पांढरा, मग काळा, मग एका लहान मुलीचा, रिबन अजून—

रॅकमधून चोखल्याचा आवाज येतो. काटा चोखतात तसा.

नानांग म्हणते निंग बंद टीव्हीसमोर बसते. तोंड उघडं. लाळ. मांडीवर तळं झालंय तरी हलत नाही. डॉक्टर म्हणतो जंत आहेत.

२६ फेब्रुवारी

सुचलं. थांबा उरला नाही, तर मीच थांबा होईन.

नानांगला सांगितलं, निंगला घेऊन इकडे ये. पण वाटेत थांबा. कुठेही. खानावळीत बसा, काहीतरी मागवा, अर्धं पानात टाका, मग उठा. दोनदा वदवून घेतलं. का ते सांगितलं नाही. लाज वाटली. कुठल्या तोंडाने सांगू, तुझ्या घरात हे मी सोडलं?

फरशी पुसली. पुन्हा पुसली. ओल्या पावलांचे ठसे पुसण्याआधीच वाळतात आणि पुसल्यावर उठतात.

२७ फेब्रुवारी

आल्या. दुपारचं ऊन. फाटकात निंग. केवढीशी झाली आहे. हात धरला तर निसटला, तुपात बुडवल्यासारखा. वास— माझ्या लेकीचा हा वास—

नानांग घाम पुसत खुशीत म्हणाली, देवाची कृपा बघ, थेट गाडी मिळाली! कुठेच थांबली नाही. पोर आजारी, उगाच खानावळीत कशाला वेळ काढायचा? सरळ तुझ्याकडे आणलं.

सरळ.

तिच्यामागे फाटकात उन्हात ओले ठसे. दोघींचे नव्हते. खूप होते.

ओरडले नाही. ओरडून काय. ठीक आहे, मग हेच बुगनाय. सगळ्या खुर्च्या मांडल्या, कॉफी केली, कप भरले, बिस्किटं. निंगला बसवलं, एक घास भरवला, अर्धा बशीत टाकायला लावला. बशीजवळ हवा कोमट झाली. मग नानांगच्या कानात सगळं सांगितलं. ती पांढरी पडली, पण माझी आई आहे ती. निंगला उचललं आणि मागच्या दाराने निघाली.

मी दारापर्यंत गेले नाही. रीत आहे. पोहोचवायला जायचं नाही. निंग आई आई करत होती. मी कपाकडे बघत बसले. वर बघितलं नाही.

आता बसलेत. कॉफी खाली जातेय. कडांवर ओठांचे ओशट ठसे. चोखतायत, चघळतायत. माझ्या मानेवर कुणाचं तरी ओलं— असू दे. बसा. निवांत बसा. मी काही तुम्हाला उठवणार नाही. तिची बस सुटली असेल.

सगळ्या खुर्च्या ओल्या आहेत. एक सोडून.

कप भरलेला. कॉफी गरम. तिच्यावर कुणी फुंकलेलं नाही.

फू ऐकूच आली नाही मगापासून.

थांब्याचा हा उपाय मानोंग सेलोंनीच शोधला. ज्याने शोधला त्याला इथे बसवून कसं— कण्याच्या सगळ्या वाटा त्यांना पाठ. आणि निंगचा फोटो हातात घेऊन किती वेळ—

फोन. नानांगचा नंबर. निंग आहे. हसतेय. बरी वाटतेय, किती दिवसांनी हसतेय. आई, म्हणते, आजोबा आमच्या बसमध्येच आहेत. माझ्याशेजारी. म्हणतात घाबरू नको, आपल्याला कुठे थांबायचं नाही, मला वाट ठाऊक आहे, सर—